पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना: लाकूड, पिकअप आणि तारेला जे जे टेकतं ते

साताऱ्याच्या एका पोरानं विचारलंय. तीन वर्षं ॲकॉस्टिक वाजवतोय, आता पहिली इलेक्ट्रिक घ्यायचीय, ॲम्प (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) धरून बजेट ३० हजार. कॉलेजच्या बँडमध्ये मराठी-हिंदी गाणी, मनापासून आवड ब्लूजची, अधूनमधून एखादं रॉक. दुकानदार म्हणाला महोगनीचं लाकूड आणि हमबकर पिकअपच घे (पिकअप म्हणजे तारेची हालचाल पकडणारा भाग), सस्टेन मिळतो, म्हणजे सूर लांबतो. मित्र म्हणतो आल्डरचं लाकूड आणि सिंगल कॉइल पिकअप, तोच खरा आवाज. आणि कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं की लाकडाचा काही संबंधच नसतो. तर दादा, नक्की कुठलं लाकूड आणि कुठला पिकअप?

भावा, मी मिरजेचा. आधी चौदा वर्षं ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवली, आता बरीच वर्षं दुरुस्ती आणि सेटअपचंच काम करतो. तुला तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि तिघांचंही थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर तू गोंधळलायस. माझ्या मते लाकूड की पिकअप हा प्रश्न नंतरचा. आधी हे बघायचं की तार छेडल्यापासून स्पीकरमधून आवाज बाहेर पडेपर्यंत वाटेत कोण कोण त्या आवाजाला हात लावतं, आणि त्यातलं काय नंतर बदलता येतं आणि काय जन्मभर तसंच राहतं. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानात तुला कोणी घोळात घेऊ शकत नाही.

मला स्वतःला हे कसं कळलं ते सांगतो. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्याचं गाव, फरीदसाहेब सितारमेकरांपासून दीडशेहून जास्त वर्षं हे काम इथं चालू आहे, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. लहानपणापासून आम्ही बघत आलो की कारागीर पंढरपूरकडून आलेला वाळका भोपळा हातात घेतो, बोटाच्या पेरानं टक टक करतो, कानाशी नेतो आणि बाजूला ठेवतो किंवा निवडतो. तूनचं लाकूडही तसंच, वजन बघून, ठोकून घेतलेलं. त्यामुळं मी इलेक्ट्रिक गिटारकडे वळलो तेव्हा डोक्यात हेच पक्कं होतं, की लाकूड म्हणजेच वाद्य. कित्येक वर्षं मी गिऱ्हाइकांना पण तेच सांगत आलो.

मग एकदा एका तंबोरेवाल्या मित्राच्या दुकानात बसलो होतो, खिशात गिटारमधून काढलेला एक सुटा पिकअप होता. सहज म्हणून त्याच्या वायरी छोट्या ॲम्पला जोडल्या आणि पिकअप लागलेल्या तंबोऱ्याच्या तारांवर, अगदी टेकणार नाही इतक्या जवळ धरला. जोडीच्या दोन्ही तारा पोलादी, त्या ॲम्पमधून खणखणीत आल्या. खर्जाची तार पितळी, ती छेडली तर खोलीत घुमतीय पण ॲम्पमध्ये जवळपास नाहीच! कारण पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. चुंबकाच्या जवळ लोखंड हललं की वेटोळ्यात वीज तयार होते, तोच सिग्नल. पितळ चुंबकाला लागत नाही, विषय संपला. पिकअपला हवेतला आवाज ऐकूच येत नाही, त्याला फक्त पोलादाची हालचाल कळते.

पण खरी गोष्ट पुढं आहे. ॲम्पमधून आलेला तो आवाज तंबोऱ्यासारखा घुमत नव्हता, भोपळ्याची ती खोली, तो भरणा सगळा गायब, नुसत्या पोलादी तारेचा आवाज. जवारी मात्र आली! घोडीवरचा तो खरखरता झणकार, दोऱ्यानं लावलेला, तो ॲम्पमध्ये स्पष्ट ऐकू येत होता. मी दोरा जरासा सरकवला, झणकार बदलला, ॲम्पमध्येही बदलला. म्हणजे भोपळा पोचला नाही पण जवारी पोचली. का? तर जवारी तारेला थेट टेकते, तार कशी हलणार हे तीच ठरवते. भोपळा त्या हालचालीला मोठं करून हवेत सोडतो, आणि ते काम इलेक्ट्रिकमध्ये ॲम्प करतो.

त्या दिवसापासून माझा हिशोब बदलला. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेला जे जे थेट टेकतं, म्हणजे नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी), फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या), ब्रिजवरचे म्हणजे घोडीवरचे सॅडल, तुझं पिक आणि तुझी बोटं, ते सगळं आवाजात येतं. बॉडीचं लाकूड यांच्या मागं उभं असतं, त्याचा परिणाम तारेपर्यंत येतो पण लांबून, वळसा घालून.

इतिहास बघितला तरी हेच दिसतं. रिकनबॅकर कंपनीची १९३२ ला बाजारात आलेली ‘फ्राईंग पॅन’, पहिल्या यशस्वी इलेक्ट्रिक गिटारपैकी एक, तिची बॉडी ओतीव ॲल्युमिनियमची होती. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास जी ‘लॉग’ नावाची गिटार केली तिच्या मधोमध चार बाय चार इंचाचा पाइनचा सरळ ठोकळा होता, बाजूचे पंख नुसते गिटारसारखं दिसावं म्हणून.

आता यावर कोणी म्हणेल की मग लाकूड शून्य. तसं मी म्हणणार नाही. नेक (गिटारची मान) किती कडक आहे, नेक आणि बॉडीचा जोड किती घट्ट आहे, यानं काही सूर लवकर मरतात, एखाद्या फ्रेटवर तार वाजते आणि टुक्कन बसते, हे मी शेकडो वेळा हातानं अनुभवलंय. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन गिटारी शेजारी ठेवल्या तरी प्लग न लावता एक जास्त बोलते. फक्त हा फरक बॉडीवर ‘महोगनी’ लिहिलंय का ‘पॉपलर’ यावरून कळत नाही, ती समोरची गिटार हातात घेऊनच कळतो. आणि तू ज्या किमतीत घेतोयस तिथं तर बॉडी दोन-तीन तुकडे चिकटवलेली, वर पॉलिएस्टरचा जाड थर, त्यामुळं नुसत्या नावाला पैसे मोजू नको.

लाकूड मी कशासाठी बघतो सांगू? एक, वजन. लेस पॉल घाटाची (गिब्सनच्या त्या नावाच्या मॉडेलसारखी) महोगनीची गिटार चार किलोच्या वर सहज जाते, स्ट्रॅट घाटाची (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी) साडेतीन किलोच्या आसपास असते. तीन तास उभं राहून कार्यक्रम करायचा असेल तर दुसऱ्या दिवशी खांदा सांगतो फरक. दोन, स्क्रू धरतंय का. बासवुड मऊ असतं, पट्ट्याच्या बटणाचे स्क्रू पुन्हा पुन्हा ढिले झालेल्या गिटारी माझ्याकडं येतात (काडी आणि फेविकॉलनं दुरुस्त होतं, घाबरायचं कारण नाही). तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, नेकचं लाकूड नीट वाळलेलं आहे का. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये उन्हानं फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं टेकायची पट्टी) आक्रसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येतात, हात सरकवला की करवतीसारखी लागतात. पावसाळ्यात उलटं, दमट हवेनं नेक हलतो, ॲक्शन म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची बदलते. साताऱ्यात तर आमच्यापेक्षा पाऊस जास्त. म्हणून लाकडाची चौकशी करायची असेल तर नेकची कर.

अजून एक उदाहरण देतो कारण ते माझ्या हातून गेलंय. २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या एका घरात तळमजल्यावर एक स्ट्रॅट घाटाची गिटार चार दिवस पाण्यात होती. गाळ धुऊन माझ्याकडं आली. नेकला पीळ पडला होता, तो गेलाच. पिकअपला मीटर लावला, तिन्ही ओपन, म्हणजे आतून तुटलेले, कारण आतली तांब्याची तार केसासारखी, ०.०६ मिलिमीटर जाडीची, एका जागी गंजली की तुटते. बॉडी मात्र सावलीत पंख्याखाली दोन महिने वाळवली आणि टिकली. तिला नवा नेक आणि साधे अल्निको चुंबकाचे सिंगल कॉइल बसवले, आवाज मोकळा, घंटीसारखा. दोन वर्षांनी मालक म्हणाला आता मला जड रॉक वाजवायचंय. मी ब्रिजजवळच्या पिकअपच्या जागी सिरॅमिक चुंबकाचा हमबकर टाकला आणि पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचे भाग) बदलले. तीच बॉडी, तोच नेक, त्याच नंबरच्या तारा, आणि गिटार ओळखू येईना. तिच्याकडं बघून मला जे कळलं ते कुठल्या चार्टवरून कळलं नसतं.

आता पिकअप. सिंगल कॉइल म्हणजे एक वेटोळं. आवाज स्वच्छ, टोकदार, प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो, बोट कसं पडलं तेही कळतं. दोष एकच, पण मोठा: हे वेटोळं तारेबरोबर आजूबाजूच्या विजेची गुणगुणसुद्धा पकडतं, आपल्याकडची ५० हर्ट्झची. यावर गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तोडगा काढला, दोन वेटोळी शेजारी, उलट गुंडाळलेली आणि चुंबकाची टोकंही उलटी. बाहेरून आलेली गुणगुण दोन्हीत उलटसुलट येते आणि कटते, तारेचा सिग्नल मात्र बेरजेत येतो. हाच हमबकर, १९५७ पासून गिब्सनच्या गिटारीत दिसायला लागला. दोन वेटोळी म्हणून सिग्नल जोरात, आणि तारेला दोन जागी ऐकत असल्यामुळं वरचे बारीक स्वर थोडे दबतात, आवाज गोल आणि जाड होतो. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणं) लावलं की हा जाडपणा कामाला येतो.

दुकानदार ज्याला सस्टेन म्हणतोय तो निम्म्याहून जास्त इथला आहे, गड्या. जोरातला पिकअप आणि त्यावर डिस्टॉर्शन असलं की सूर लांबतो, तो महोगनीचा प्रताप नव्हे.

पेटीवर ‘८ के’, ‘१४ के’ असे आकडे असतात ना, त्यावर फार जाऊ नको. तो वेटोळ्याचा विद्युत रोध, किलोओहममध्ये. जुन्या पद्धतीचा सिंगल कॉइल ६ च्या आसपास, जुन्या पद्धतीचा हमबकर ८ च्या आसपास, जड म्युझिकचा १४-१६ पर्यंत. पण तार बारीक वापरली की आकडा आपोआप वाढतो, आवाज त्या मापात वाढतोच असं नाही. सिरॅमिक म्हणजे हलका माल आणि अल्निको म्हणजे भारी माल, हेही तसं नाही. दोन्ही चुंबक आहेत, सिरॅमिक सहसा जास्त कडक आणि टोकदार, अल्निको जरा नरम. आणि पिकअप कुठं बसलाय यानं जितका फरक पडतो तितका चुंबकानं पडत नाही. नेकजवळचा पिकअप गोल आणि गाता, ब्रिजजवळचा तिखट. तू मराठी गाणी वाजवणार, भावगीताची सुरावट, मींड, तर नेक पिकअप लाव, टोनचं बटण निम्म्यावर आण आणि बघ, गळ्यासारखा आवाज येतो.

मींडेवरून आठवलं, यात लाकूडही नाही आणि पिकअपही नाही पण तुझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे. फेंडर पद्धतीच्या गिटारीत नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी २५.५ इंच असते, गिब्सन पद्धतीत २४.७५ च्या आसपास. पाऊण इंचच कमी, पण तेवढ्यानं त्याच स्वराला तार ढिली राहते आणि ओढायला सोपी जाते. ब्लूजचा बेंड काय आणि आपली मींड काय, बोटाला काम तेच. लांब स्केलची (ही लांबी म्हणजेच स्केल) घेतलीस तर ०.००९ इंचाच्या तारा लाव, छोट्या स्केलला ०.०१० चालतील. ॲकॉस्टिकवरून येणारा माणूस जाड तारांची सवय म्हणून इथंही जाड लावतो आणि मग बेंड बेसूर येतात म्हणून स्वतःला दोष देत बसतो.

आता तू कुठं वाजवणार हे बघ, कारण पुण्या-मुंबईचे सल्ले आपल्याकडं तसेच्या तसे चालत नाहीत. तासगावकडच्या एका गावात जत्रेचा कार्यक्रम होता, स्टेजला करंट जनरेटरचा, डोक्यावर लाइटचे डिमर, मागं एलईडीची माळ. माझी तीन सिंगल कॉइलची गिटार. साउंडवाल्यानं फेडर वर केला आणि भुंग्याचं पोळं फुटावं तसा आवाज. काय केलं? आधी गिटार धरून जागेवरच गोल फिरलो, एका कोनात गुणगुण निम्मी झाली, तिथंच खुणेला चप्पल ठेवली आणि रात्रभर त्या दिशेला तोंड करून वाजवलं. आणि पिकअप निवडायचा पाच जागांचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागेवर ठेवला, कारण मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर या दोन जागांवर दोन पिकअप मिळून हमबकरसारखंच काम करतात. दुकानात हे तपासून बघ, दुसऱ्या-चौथ्या जागेवर गुणगुण बंद होते का.

पण एक गोष्ट हात जोडून सांगतो. गुणगुण वेगळी आणि अर्थिंग नसणं वेगळं. तारांना हात लावून माईकला ओठ लागला आणि चटका बसला तर तो पिकअपचा दोष नाही, अर्थिंग नाहीये किंवा फेज कुठंतरी उतरलाय. हमबकर घेऊन ते सुटत नाही. तसं झालं की वाजवणं थांबव, साउंडवाल्याला बोलव, टेस्टर लावायला सांग. ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढायचा सल्ला काही लोक देतात, गुणगुण जाते म्हणून. ती पिन तुझा जीव वाचवायला आहे, तिला हात लावायचा नाही.

हे सगळं धरून तुझ्यासाठी माझं मत: एचएसएस घे. म्हणजे ब्रिजला हमबकर, मध्ये आणि नेकला सिंगल कॉइल. नेकवर तुझी मराठी गाणी आणि ब्लूज, ब्रिजवर रॉक, दुसऱ्या-चौथ्या जागेवर क्लीन कॉर्ड. तुझं अजून ठरलेलं नाही तुला काय आवडतं, ते वर्षभरात ठरेल, आणि तोवर हे दार उघडं राहील. यामाहाची पॅसिफिका ११२ मी या कामासाठी नेहमी पहिली सुचवतो, एचएसएस आणि आल्डरची बॉडी, पण मी सुचवतो ती नेक आणि फ्रेटच्या कामासाठी. नवी बजेटच्या बाहेर गेली तर वापरलेली शोध, किंवा स्क्वायर आणि आयबानेझमध्ये एचएसएस बघ. उद्या फक्त रॉक आणि मेटलच वाजवायचं असं पक्कं झालं तर गोष्ट वेगळी, मग दोन हमबकरची घे. आणि फक्त क्लीन आणि ब्लूजच, तर तीन सिंगल कॉइलला तोड नाही.

पैशाचं गणित असं कर की १८ ते २० हजार गिटारला, ८ च्या आसपास ॲम्पला, राहिलेले केबल, पट्टा आणि सेटअपला. सगळे गिटारवर घालून हजार-दीड हजाराचा ॲम्प घेणारे खूप बघितले, मग पिकअपला नावं ठेवतात. पाच इंचाच्या डबड्या स्पीकरमधून कुठलाच पिकअप चांगला वाजत नाही. किमान आठ इंचाचा स्पीकर बघ.

पिकअप पुढं कधीही बदलता येतात, पॉट बदलता येतात (सिंगल कॉइलला २५० के, हमबकरला ५०० के, हे उलटसुलट झालं की आवाज एकतर कानात घुसतो नाहीतर गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो). नेकची जाडी, स्केल, वजन हे बदलत नाही, आणि फ्रेटचं काम करून घेणं महाग पडतं. म्हणून दुकानात वेळ यातच घालव. साताऱ्याहून पुणं किंवा कोल्हापूर दोन-अडीच तासाच्या अंतरावर, पहिली गिटार ऑनलाइन मागवू नको. गिटार हातात घे, प्लग लावू नको. हेडकडून डोळा लावून नेक सरळ आहे का, पीळ नाही ना ते बघ. तळहात नेकच्या दोन्ही कडांनी वरून खाली फिरव, फ्रेट टोचतायत का. मग पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजव, घाई करू नको, दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. कुठं खरखरते, कुठं सूर पटकन मरतो ते कळेल. पहिली तार बाराव्या फ्रेटला पूर्ण स्वर ओढ, ओढताना सूर गेला तर ती ठेवून दुसरी घे, मॉडेल तेच असलं तरी. पट्टा लावून पंधरा मिनिटं उभा राहा. आणि मग प्लग लाव, स्वतःच्या पिकनं, तुला येतं तेच गाणं, आधी क्लीनवर. डिस्टॉर्शनमध्ये सगळ्याच गिटारी बऱ्या वाटतात.

घरी आणल्यावर पिकअपची उंची बघायला विसरू नको, आवाज बदलायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि कोणी सांगत नाही. सहावी तार शेवटच्या फ्रेटला दाब, तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या खुंट्यापर्यंत पट्टी लाव. सिंगल कॉइलला साधारण अडीच मिलिमीटर, पहिल्या तारेकडं दोन. हमबकर ब्रिजला दीड-पावणेदोन चालतो. सिंगल कॉइल याहून वर आणला तर चुंबक तारेलाच खेचतो, जाड तारा वरच्या फ्रेटवर थरथरतात, ट्यूनर एक सांगतो आणि कान दुसरं. लोक तेव्हा नेक खराब आहे म्हणून माझ्याकडं घेऊन येतात आणि मी स्क्रू दोन आटे खाली करून परत देतो. तू पण आधी तो स्क्रू फिरवून बघ, एका वेळी अर्धा आटा, आणि प्रत्येक वेळी तोच सूर वाजवून ऐक.